चवड्यांवरचं पोर

पाळणाघरातल्या ताईंनी पुढे ठोकळे ठेवले, तसे पोराने ते एकावर एक रचले. चांगले उंच रचले. आता धाडकन पाड, म्हणून ताईंनी खुणावलं, स्वतः हात उडवून दाखवला. पोराने वरचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, सतरंजीवर ठेवला. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. एखादी म्हातारी काचेचं कपाट आवरते तसं. खुळखुळा दिला, तर तो मुठीत असा घट्ट धरला की आतला दाणा हलू नये. चेंडू फेक म्हटलं, तर जाऊन ताईंच्या पायाशी ठेवून आला. गेला चवड्यांवर, आला चवड्यांवर.

आई लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसली होती. रात्रपाळी करून, घरून पोराला घेऊन ती तशीच इकडे आली होती. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती इस्त्रीच्या रुळांवर असे. ओली चादर एका बाजूने सारायची, समोरची बाई पलीकडून ओढून घ्यायची, आणि मध्ये यंत्राचा असा गडगडाट की दोघी एकमेकींशी भुवयांनी बोलत. बाहेर आल्यावरही बराच वेळ तो आवाज कानात राही. आत्ताही होता. त्यातून ताईंचं बोलणं लांबून आल्यासारखं येत होतं.

ताई काही वाईट बोलत नव्हत्या. हात छान चालतात, म्हणाल्या, हाक मारली की वळून बघतो, म्हणजे कानही ठीक दिसतात. पण इथे येऊन तीन आठवडे होत आले, पोराच्या तोंडून अवाक्षर नाही. रडत नाही, मोठ्याने हसत नाही, टाच जमिनीला लागत नाही. मोठ्या खोलीत घ्यायचं तर मुलाला निदान पाणी मागता यायला हवं, हवं-नको सांगता यायला हवं. नाहीतर त्याला रांगत्या बाळांत ठेवायचं, आणि ती खोली दुपारी बंद होते. शिवाय एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बघते, मग ठरवू.

"बरं," आई म्हणाली.

एखादीच्या पोटात खड्डा पडला असता, एखादीने तिथेच डोळ्यांना पदर लावला असता. हिने आत चाचपून पाहिलं. काही हाताला लागेना. पोराचं बोट धरून ती घरी निघाली. मनात एवढंच आलं की रांगत्यांची खोली दुपारी बंद झाली तर आपण झोपायचं कधी. आणि असं मनात आल्याचंही तिला काही वाटलं नाही.

घरात माणसं मोजकी आणि खोली एकच. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवी, घरी पाहुण्यासारखा येई. पोराला आजवर सासऱ्यांनी सांभाळलं होतं. आता त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली, वाकायचं नाही, उचलायचं नाही, म्हणून पाळणाघर. दिवसा सून पलंगावर झोपलेली आणि पायथ्याशी आजा-नातू, असा या घराचा संसार. आजोबा नातवाला साहेब म्हणत. साहेबांचा त्रास नाही, शेजाऱ्यांना विचारा घरात पोर आहे का म्हणून, हे ते अभिमानाने सांगत, आणि तिलाही तो अभिमान होता. दुसऱ्यांची पोरं भांडी आपटत, किंचाळत. आपलं पोर शहाणं.

डॉक्टरचं ऐकून सासरे चिडले. "अगं, बोलतो की. दिवसभर डोकं खातो माझं. तू झोपलेली असतेस."

आजोबांना नातवाच्या शिंकेतही वाक्य ऐकू येतं, असं तिला वाटलं. संध्याकाळी ती उठायची तेव्हा पोर नुसतं येऊन तिला चिकटायचं आणि तोंडाकडे बघत राहायचं. तेवढ्यात स्वयंपाक, डबा, आणि निघायची वेळ.

पुढच्या खेपेला ताईंना तिने हे सांगितलं, तर ताई हसल्या. सगळ्यांचेच आजोबा असं म्हणतात, म्हणाल्या. मग म्हणाल्या, आज तुम्हीही थांबा. मुलांना निजवतो त्या खोलीत त्याच्याजवळ बसा. आई शेजारी असली की पोर मोकळं होतं.

निजायच्या खोलीत पडदे ओढलेले होते. गाद्यांवर पोरं ओळीने आडवी झाली होती. आई भिंतीला टेकून बसली, पोराला तिने मांडीवर घेतलं, आणि जी बसली ती बसल्या जागी कलंडली. पाहायला बोलावलं होतं तिला, आणि खोलीतल्या सगळ्या मुलांच्या आधी हीच घोरायला लागली.

जाग आली तेव्हा ताई शेजारी मांडी घालून बसल्या होत्या. पडदे उघडले होते. पोरं खाऊला गेली होती. तिच्या अंगावर इवलंसं पांघरूण होतं, गुडघ्यापर्यंतही न पोचणारं.

"ते त्यानं घातलंय," ताई म्हणाल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. तुमचा डोळा लागला तसा याचा दिवस सुरू झाला. सगळ्या गाद्यांवरून हिंडला. ज्याचं पांघरूण सरकलं त्याचं ओढलं. मीही जरा आडवी झाले होते, कूस बदलली तर माझ्यापाशी आला, ओठांवर बोट ठेवून मला म्हणाला, हळू. मग पाणी दे म्हणाला. मग खिडकीतला पक्षी उडाला तर, गेला, म्हणाला. सगळं कुजबुजत. आमच्या त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

आई उठून बसली.

"मोठ्या खोलीतच राहील तो," ताई म्हणाल्या. "पाणी मागतो, आणखी काय पाहिजे. टाचांचं डॉक्टरांना विचारून घ्या, घाई नाही. पण घरी त्याला जरा आवाज करू द्या. तुम्ही दार लावून झोपत जा."

"एकच खोली आहे."

 ताईंनी ते पांघरूण घेतलं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

जीव भांड्यात पडावा अशी बातमी, पण भांडंच कुठे सापडेना. पोर चांगलं आहे. पोर बोलतं. माझ्यामागे बोलतं, मी समोर असून माझ्यामागे. वाटेत तिने हे दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं, कुठे दुखतंय का म्हणून, दात काढल्यावर हिरडीवरून जीभ फिरवतात तसं. भूल अजून उतरली नव्हती.

घरी सासऱ्यांना सांगितलं. ते पट्टीखालून म्हणाले, "मी काय खोटं बोलत होतो?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

ती पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले, पण झोपायचं नाही असं ठरवून. आजवर डोळा लागावा म्हणून धडपडली होती. जागं राहायची धडपड वेगळीच निघाली. थोड्या वेळाने पावलं ऐकू आली, म्हणजे जवळजवळ नाहीच आली. मग कानाशी ऊबदार श्वास.

"आई झोपली," पोर कुणाला तरी सांगत होतं. खेळण्याला असेल, नाहीतर आजोबांना.

एवढं वाक्य. किती दिवसांपासून असेल ते या खोलीत.

डोळे उघडले तर तो गप्प होईल, हे तिला कळत होतं. म्हणून तिने ते मिटलेलेच ठेवले आणि त्याच्याच आवाजात, कुजबुजत म्हटलं, "आई जागी आहे."

 ती वाट पाहत राहिली. मग ओलसर बोटं तिच्या पापण्यांवर आली आणि त्यांनी त्या घट्ट दाबून धरल्या.

"नाही," पोर म्हणालं. "नीज."

"नाही निजत."

"नीज."

"नाही."

भिंतीकडून सासऱ्यांचा श्वास थांबल्यासारखा झाला होता. ते ऐकत होते. पोराने तिच्या पापण्यांवरची बोटं काढली नाहीत. पण तिसऱ्यांदा "नीज" म्हणाला तो कुजबुजून नव्हे. आवाज घोगरा होता, कधी न वापरलेला, आणि त्यात राग होता.

"अजून म्हण," ती म्हणाली.