जमादारसाबांच्या सशाचं पोट

मुरुम गावात फकीर जमादारांचा मोठा दरारा होता. निजाम सरकारच्या पोलिसांतून ते निवृत्त झाले होते आणि गल्लीतली भांडणं तेच मिटवत. त्यांच्या मिशा बघूनच समोरचा निम्मं भांडण विसरायचा.

अशा माणसाच्या घरी मेहुण्यानं हैदराबादहून एक पांढरा ससा आणून सोडला.

"ह्याचं काय करू म्या?" जमादार गरजले. "दूध देईना, राखण करंना!"

त्यांची बीवी हमिदाबी पुढं झाली. ससा नवऱ्याच्या मांडीवर ठेवून ती चुलीकडं गेली. परत आली तेव्हा जमादार सशाचे कान हळूच खाजवत होते आणि त्याचं नाव 'नवाब' ठेवून मोकळे झाले होते.

मग नवाबाचा बंदोबस्त सुरू झाला. बोका येऊ नये म्हणून खिडकीला जाळी, मोरीच्या तोंडाला वीट, दाराला कायम कडी. नवाबानं बाजेची सुतळी कुरतडली आणि दुपारी जमादार आडवे झाले ते थेट जमिनीवर आले. "दात चांगले हायेत," एवढंच म्हणाले. खायला रोज बुंदी, गूळ आणि दुधात कुस्करलेली रोटी.

"अवो, त्याला गवत टाका की," हमिदाबी म्हणायची.

"नवाब गवत खातो व्हय?"

एका सकाळी नवाब कोपऱ्यात अंग चोरून बसला. बुंदीकडं बघेना. पोट टम्म फुगलेलं, दात करकर वाजत होते. हमिदाबी झाडू घेऊन आली आणि थबकली.

"आज झाडायला एक लेंडी न्हाय," ती म्हणाली.

जमादारांचा चेहरा उतरला.

नशिबानं बाजाराचा दिवस होता. जनावरांचे सरकारी डॉक्टर चिंचेखाली बसले होते. जमादारांनी नवाबाला आपल्या शेरवानीच्या आत घातलं आणि दोन बैलांच्या मध्ये रांगेत उभे राहिले. मागचा बैल शेरवानी हुंगू लागला.

पुढं धोंडीबा नावाचा शेतकरी होता. त्यानं वळून विचारलं, "जमादारसाब, तुमचं जनावर कुठाय?"

"आत हाय," जमादार म्हणाले.

धोंडीबानं त्यांच्या पोटाकडं बघितलं आणि गुमान पुढं तोंड केलं.

डॉक्टरांनी सशाचं पोट चाचपलं. काय खाऊ घालता ते ऐकलं.

"हा ससा हाय का जावई? गोड बंद, रोटी बंद. वाळलं गवत, हरळी आणि जवळ पाणी. सशाला ओकता येत न्हाय, आत गेलेलं पुढंच सरकलं पाहिजे. पोट हलक्या हातानं चोळा. घरात फिरवा, एका जागी बसू देऊ नका. लेंड्या पडल्या की समजा, वाचला."

घरी येऊन जमादारांनी पोट चोळलं, नवाबाला खाली सोडलं. तो हलेना. शेवटी चालायचं कसं ते दाखवायला जमादार स्वतः तोंडात हरळीची काडी धरून रांगू लागले. "चल बेटा! एक-दोन, एक-दोन!"

तेवढ्यात कडी वाजली. तेलाचा व्यापारी शिवप्पा आणि श्रीमंत नावाचा त्याचा शेजारी भांडण घेऊन आले होते. एकाच्या नालीचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात जात होतं. हमिदाबीनं दार उघडलं. दोघांनी जमिनीवरचे जमादार बघितले.

"जमादारसाब, काही पडलंय का?" शिवप्पानं विचारलं.

"अजून न्हाय!" जमादार ओरडले. "त्याचीच वाट बघतोय. आधी दार लावा, बोका शिरंल! श्रीमंत, मोरी धर. शिवप्पाण्णा, तुम्ही बाजेखाली!"

हुकूम म्हणजे हुकूम. दोघंही गुडघ्यांवर आले. उकडत होतं म्हणून श्रीमंतनं फेटा काढून बाजूला ठेवला. तीन बाप्ये खोलीत रांगत होते आणि हमिदाबी तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली होती.

नवाबानं एकेकाचं तोंड बघितलं. दोन पावलं टाकली. मग टुणकन उडी मारली, खोलीला एक फेरी घातली आणि जाता जाता जमादारांच्या मिशीपाशी थांबून काडी कुरतडली.

"खाल्लं! हमिदा, खाल्लं!"

पुढं तो श्रीमंतच्या फेट्यात जाऊन बसला. सगळ्यांनी श्वास रोखला. बऱ्याच वेळानं नवाब उठला. फेट्यात काळ्याभोर, गोल लेंड्या होत्या.

जमादारांच्या डोळ्यांतून पाणी मिशांत उतरलं. शिवप्पानं आनंदानं श्रीमंतला मिठी मारली.

"माझ्याच फेट्यात?" श्रीमंत म्हणाला.

"नशीब लागतं," शिवप्पा म्हणाला.

चहा झाला, उरलेली बुंदी पाहुण्यांनी संपवली. दोघं गप्पा मारत घरी गेले आणि नाली दिसताच त्यांना आठवलं की आपण भांडायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले.

"भांडा," जमादार म्हणाले, "पण आवाज न्हाय. नवाब भ्याला तर खाणं सोडतो."

शिवप्पानं कुजबुजत श्रीमंतचा बाप काढला. श्रीमंत पुढं वाकून म्हणाला, "काय म्हणालात? ऐकू न्हाय आलं." शिवप्पानं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यालाच हसू फुटलं. बाहेर पडले तेव्हा नाली कुणाच्या बाजूनं वळवायची हे ठरलं होतं, आणि फावडं शिवप्पाच्या घरचं घ्यायचं, हेसुद्धा.