दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मध्ये

नरसिंहरावांच्या अंगाला सात नळ्या होत्या. तोंडातून श्वासाची एक, नाकातून अन्नाची एक, मानेतून औषधांची एक, मनगटाच्या धमनीत एक, हाताच्या शिरांत दोन आणि लघवीची एक. हृदयाची झडप बदलून अकरा दिवस झाले होते. दोनदा व्हेंटिलेटर काढून पाहिला, दोन्ही वेळा अर्ध्या तासात ते थकले. आता गळ्याला लहान छिद्र पाडून तिथून नळी बसवायची होती. म्हणजे तोंडातली नळी निघेल, झोपेची औषधं कमी होतील आणि त्यांना हळूहळू स्वतः श्वास घेता येईल.

बाहेर बाकावर त्यांच्या पत्नी कृष्णाबाई बसल्या होत्या. देवनहळ्ळीहून रोज पहिल्या बसने यायच्या. श्वसनोपचाराची पदवी घेऊन मी इथे लागले त्याला तीनच महिने झाले होते, तरी त्या मलाच गाठायच्या.

"काय गं अक्का, गळ्याला भोक पाडल्यावर यांचा आवाज राहतो का?"

"सगळं नीट झालं तर परत येतो, आजी."

"स्वल्प लवकर येऊ दे. एक्केचाळीस वर्षं भांडतोय आम्ही. एकटीनं भांडून मजाच येत नाही."

हे छिद्र पाडणाऱ्या आमच्या डॉ. हेमलता मॅडमची एक पद्धत आहे. खोलीतल्या सर्वांत नव्या माणसाने नुसत्या बोटाने श्वासनलिकेच्या कड्या मोजायच्या आणि छिद्राच्या जागी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या कडीच्या मध्ये, जांभळ्या पेनाने खूण करायची. मग त्या स्वतः चाचपून दुसरी खूण करतात. सोनोग्राफी त्यानंतर.

नरसिंहरावांची मान आखूड, मागे न झुकणारी. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

"खात्री आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो. तीनदा मोजलं."

"चूकसुद्धा तीनदा तीच येते, मनस्विनी," मंजुनाथअण्णा म्हणाले. ते इथले सर्वांत जुने नर्स.

मॅडमनी खूण केली आणि सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. पडद्यावर कड्या एका ओळीत दिसल्या, माळेतल्या मण्यांसारख्या. पहिली कडी थायरॉइड ग्रंथीच्या आड होती. ती माझ्या बोटाला लागलीच नव्हती, म्हणून माझी खूण एक कडी खाली उतरली होती. मॅडमनी रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं बटण दाबलं. माझ्या खुणेच्या बरोबर खाली एक लाल पट्टा ठोक्यागणिक फुगत होता. धमनी. नव्या झडपेसाठी त्यांना रक्त पातळ करणारं औषध चालू होतं. ते थांबवून जेमतेम चार तास झाले होते.

तिथे सुई गेली असती तर रक्त थांबवणं अवघड झालं असतं. मॅडमनी वही ओढली आणि एकाखाली एक लिहिलं: मनस्विनी, ११ मिलिमीटर खाली. हेमलता, ४ मिलिमीटर खाली.

नरसिंहराव त्या वहीतले बासष्टावे रुग्ण होते. मला वाटायचं, ती नवख्यांच्या चुकांची वही आहे. मी मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर मॅडमचंही नाव होतं.

"पण तुमचा हात तर बावीस वर्षांचा आहे, मॅडम."

"म्हणून तर लिहिते. नाहीतर माजतो तो."

मग त्यांनी डाव्या हातात प्रोब आणि उजव्या हातात सुई घेतली. मंजुनाथअण्णांनी तोंडातली नळी थोडी वर ओढून धरली. भूलतज्ज्ञांनी तिच्यातून दुर्बीण आत सोडली. दुर्बिणीच्या पडद्यावर श्वासनलिकेची भिंत किंचित आत दबली आणि सुईचं टोक बरोबर मध्यावर उगवलं. मागच्या भिंतीला ते शिवलंही नाही. सुईतून तार, तारेवरून छिद्र रुंद करणारी निमुळती नळी आणि शेवटी आठ नंबरची श्वासाची नळी. कुणीही आवाज चढवला नाही. सात मिनिटं लागली. गॉजचा एकच तुकडा वापरला, तोही अर्धा कोरडा राहिला.

गळ्यात नळी बसवल्यापासून नवव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला होता. दुपारी मी गळ्यातल्या नळीवर बोलण्याची छोटी झडप बसवली. कृष्णाबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "मागच्या दारचा कढीपत्ता तोडून टाकला मी."

"कुणाला विचारून?" नरसिंहराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मी घड्याळ लावलं. सलग बोलणं: चार मिनिटं दहा सेकंद. ऑक्सिजन: ९६ टक्के.