सरपंचाला उटणं

सांगते, सगळं सांगते, मध्ये कुणी बोलू नका! आमचा सरपंच म्हणजे पांढराशुभ्र स्पिट्झ कुत्रा. कळव्याच्या आमच्या घरात कुणीही आलं की आधी दारात त्याची चौकशी, म्हणून हे नाव. ठेवलं आमच्या ह्यांनीच. हे म्हणजे दौलत, माझा नवरा. खोपटच्या एसटी डेपोतून रिटायर झाले आणि उरलीसुरली सगळी माया ह्यांनी या कुत्र्यावर ओतली. नुसती माया असती तर चाललं असतं. ह्यांनी तेलही ओतलं.

नरकचतुर्दशीला घरात सगळ्यांना अभ्यंगस्नान, मग सरपंचानेच कुणाचं घोडं मारलंय? ह्यांनी त्याला खोबरेल तेल चोळलं, उटणं लावलं, ऊन पाण्याने आंघोळ घातली. असा चमकला की मीच त्याची दृष्ट काढली. उटण्याची पाकिटं उरलेली. ती वाया कशाला घालवायची, म्हणून मग दर रविवारी तोच सोहळा. वरवर ब्रश फिरवायचा, केस चमकायचे, हे खूश.

मार्गशीर्षात मात्र सरपंच बिघडला. कानामागे खाजवून घ्यायला एरवी हा पायात घोटाळायचा, आता ह्यांचा हात दिसला तरी गुरगुरायचा. एका संध्याकाळी शेजारच्या छोट्या सान्वीने जिन्यात त्याला लाडाने मिठी मारली आणि त्याने तिच्या फ्रॉकला दात लावले. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण ह्यांचा चेहरा पार उतरला.

"आज फ्रॉक, उद्या हात," हे म्हणाले. "दादाला फोन केलाय. रविवारी तो गाडी घेऊन संगमेश्वरला चाललाय, सरपंचाला घेऊन जाईल. तिथे अंगण आहे, राहील."

दादा म्हणजे बाबुराव, माझे मोठे दीर. माणूस चांगला, पण सरपंच ह्यांच्याशिवाय तिथे जेवला तरी असता का?

माझा पारा चढला. "अहो, घरातलं माणूस चिडचिड करायला लागलं तर त्याला आधी डॉक्टरकडे नेतात की थेट गावाला?"

शनिवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं तपासलं. शेवटी कानामागचे केस जरा बाजूला केले, तसा सरपंच केवढ्याने तरी किंचाळला.

"आजार काही नाही," डॉक्टर म्हणाले. "केसांच्या गाठी झाल्यात, त्या कातडी ओढतायत. चांगल्या ग्रूमरकडे न्या, डोंबिवलीत एक आहे. आजच."

"म्हणजे पार्लर?" बाहेर आल्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला. "मी जन्मभर डेपोसमोरच्या न्हाव्याकडे केस कापले, आणि हा डोंबिवलीला पार्लरमध्ये जाणार?"

"जाणार! आणि तुम्हीपण येणार!" मी रिक्षाला हात केलासुद्धा.

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये माझा जीव नुसता वरखाली होत होता. उद्या गाडी निघणार. जे व्हायचं ते आजच.

कादंबरी नावाची ती ग्रूमर वयाने लहान, पण आवाज असा की एसटीत कंडक्टर म्हणून शोभली असती. तिने सरपंचाला मऊ मुसकं घातलं, केसांचा भांग पाडत थेट कातडीपर्यंत पोचली आणि थांबली.

"काकू, हे पिवळं काय आहे?"

"उटणं."

"काय?"

"सुगंधी आहे," हे मागून म्हणाले.

ती आधी पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. "काका, ह्याला वर लांब केस आणि आत लोकर असते. तुम्ही वरचं विंचरलंत, आत तेलात उटणं बसलं. गाठ न सोडवता भिजवली की अजून आवळते. कानामागे, काखेत, सगळीकडे घट्ट गोळे झालेत. हा पाऊल टाकतो ना, तेव्हा प्रत्येक वेळी कातडी ओढली जाते."

हे म्हणाले, "मग सगळे केस काढूनच टाक ना. गरमीत पण बरं वाटेल त्याला."

"अजिबात नाही! ही लोकर त्याला उन्हातपण सांभाळते. एकदा मुळापासून भादरली की परत नीट येईलच असं नाही. गोळे तेवढे काढते."

आणि तिने सुरुवात केली. जिथे सुटेल तिथे बोटांनी आणि कंगव्याने, जिथे सुटणार नाही तिथे मशीनने. मध्ये मध्ये थांबायची, त्याला दम खाऊ द्यायची. काखेतला पहिला गोळा हातात आला, चपटा, जाड, लोकर दाबून केलेला नुसता नमदा! "निघाला!" मी ओरडले.

"काकू, ओरडू नका हो, बिचकतो तो."

मग मी तोंडावर पदर धरून नाचले. दुसरा निघाला, तिसरा निघाला! सरपंचाची मान सैल पडली, गुरगुर थांबली, कादंबरीने मुसकं काढलं तरी त्याने हूं की चूं केलं नाही. मग कुठे आंघोळ, साबण निघेपर्यंत पाणी आणि लोकर सुकेपर्यंत ड्रायर. शेवटी तिने स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत फिरवला. कुठे अडला नाही.

कानामागे दोन गुलाबी टकलं घेऊन सरपंच खाली उतरला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि मग जो सुटला! टेबलाखालून, खुर्चीवरून, माझ्या पायांतून, गोल गोल!

हे दाराशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कित्येक दिवसांत ह्यांनी त्याला हातच लावला नव्हता. सरपंच धापा टाकत थेट ह्यांच्याकडे गेला, पाठीमागे शिरला आणि ह्यांच्या बांधलेल्या हातांत डोकं खुपसलं.

हे तिथेच फरशीवर बसले. भीत भीत एक बोट त्या टकलावर ठेवलं. सरपंचाने डोळे मिटले आणि सगळं अंग ह्यांच्यावर टाकून दिलं.

"रतन, मी ह्याला दर रविवारी दुखवत होतो गं," हे म्हणाले, "तरी माझ्याकडेच आला बघ."

मला रडू आवरेना. तेवढ्यात दादांचा फोन. "दादा..." एवढंच बोलले आणि ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"भावोजी," मी इतक्या जोरात म्हणाले की कादंबरीने कान झाकले, "उद्या तुम्ही एकटेच जा! सरपंच घरी चाललेत!"