सव्वीसपर्यंतचं कार्ड

मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावातल्या एका वृद्धाश्रमात रोवेनाला कामावरून घरी जायला सांगण्यात आलं. त्या वेळी ती ब्याण्णव वर्षांच्या एका आजोबांना लापशी भरवत होती.

"चमचा ठेव ग खाली. जरा ऑफिसात ये," व्यवस्थापिका गिलियन म्हणाली.

रोवेनाने वाटीतली लापशी भरवून संपवली, आजोबांची हनुवटी पुसली आणि मगच उठली.

वृद्धाश्रम नव्या कंपनीने विकत घेतला होता आणि कंपनी सगळ्यांचे कागद नव्याने तपासत होती. रोवेना फिलिपिन्समधल्या इलोइलोची. नवरा रिमांतास लिथुआनियाचा, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक. त्याची बायको म्हणून तिला २०१६ मध्ये कायमच्या वास्तव्याचं कार्ड मिळालं होतं. मुदत २०२६ पर्यंत.

"हे चालत नाही आता," गिलियन म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीच रद्द झालंय. मलाही आजच कळलं. नवा परवाना दाखवेपर्यंत तुला कामावर ठेवता येत नाही."

"पण तारीख तर सव्वीसची आहे."

"दिसतेय ग मला तारीख."

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, इथे आधीपासून राहणाऱ्या युरोपीयांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी ३० जून २०२१ पर्यंत नव्याने अर्ज करायचा होता. जुनी कार्डं, त्यांच्यावर कुठलीही तारीख असली तरी, तिथेच संपली. ही गोष्ट ज्याला माहीत असायलाच हवी होती असा गावात एक माणूस होता. तो रिमांतास.

तो कोबीच्या पॅकिंग शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. अर्ज भरायचे दिवस आले तेव्हा पासपोर्टातली चिप वाचू शकेल असा फोन शेडमध्ये पहिल्यांदा त्याच्याकडे होता, आणि इंग्रजीही बरं होतं. जेवणाच्या सुट्टीत लोक पासपोर्ट घेऊन त्याच्या टेबलाशी रांग लावत. त्याने चाळीसच्या वर अर्ज भरले. शेडमध्ये त्याचं नाव पडलं राजदूत. हे नाव त्याला आवडायचं.

त्या संध्याकाळी रोवेनाने कार्ड टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. रिमांतासने कार्ड उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "आल्गिसच्या बायकोचा अर्ज भरत होतास त्या दिवशी. 'आणि माझं?' असं विचारलं होतं."

"हो."

"तू काय म्हणालास?"

त्याला आठवत होतं. आल्गिसची बायको युक्रेनची; तिचं कार्ड त्याच वर्षी संपत होतं, म्हणून तिचा अर्ज. चार माणसांसमोर तो हसून म्हणाला होता, "तुझं सव्वीसपर्यंत आहे बाई. राजदूताच्या बायकोनं कसली काळजी करायची?"

जुनी कार्डं तारखेआधीच संपणार, ही सरकारी पानावरची ओळ त्याने तेव्हा वाचलीच नव्हती. दुसऱ्यांच्या अर्जांत ती लागत नव्हती.

गुरुवारी दोघं चर्चच्या सभागृहात बसणाऱ्या वकीलबाईंकडे गेली. बाईंचं नाव ॲब्लेट. फी घेत नसत.

"उशिरा अर्ज करता येतो," त्या म्हणाल्या. "पण उशीर का झाला, हे आधी पटलं पाहिजे. नाही पटलं तर अर्ज उघडूनही बघत नाहीत. घरात कागदपत्रं कोण बघतं?"

"मी," रिमांतास म्हणाला. "बाई, असं लिहू या का, की तिला हे काही माहीतच नव्हतं? तिला इंग्रजी..."

"इंग्रजी मला तुझ्याहून चांगलं येतं," रोवेना म्हणाली. "मी विचारलं होतं, असं लिहा बाई. मी मूर्ख नव्हते. मी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं."

ॲब्लेटबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "हेच तर कारण आहे. सगळा गाव ज्याच्यावर विसंबला, त्याच्यावर बायकोही विसंबली. पण नुसतं तुमचं म्हणणं पुरणार नाही. तेव्हा तिथे जे होते त्यांच्याकडून लिहून आणा. तुम्ही नेमकं काय बोललात ते, त्यांच्या शब्दांत."

रिमांतासने चार दिवस कोणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आल्गिसच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"या राजदूत! आज दूतावास इकडे कुठे?" आल्गिस तोंडातला घास चावत म्हणाला. "बस की. उभा काय साहेबासारखा?"

"तुझ्याकडून एक कागद लिहून हवाय."

"माझ्याकडून? तुला?" आल्गिस शेजारच्याकडे बघून हसला. "ऐकलंस का रे? उलटी गंगा."

रिमांतासने बसून सगळं सांगितलं. शेजारचा माणूस डबा घेऊन उठला आणि दुसऱ्या टेबलावर गेला.

"मला आठवतंय ते," आल्गिस म्हणाला. "हसलो होतो आम्ही. जरा मवाळ करून लिहितो ना. चुकून बोलून गेला, असं काहीतरी."

"नको. जसं बोललो तसंच लिही. राजदूत पण लिही."

आल्गिसने लिथुआनियन भाषेत अर्धं पान लिहिलं. भाषांतर रिमांतासनेच करायचं होतं, पण ॲब्लेटबाई म्हणाल्या, तुमचं चालणार नाही, तिऱ्हाईत हवा. भाषांतर करणारी मुलगी त्याच्याच ओळखीची निघाली. तिच्या आईचा अर्ज त्याने भरला होता. तिने एकदाही मान वर न करता काम संपवलं.

६ नोव्हेंबरला अर्ज गेला. सोबत तीन जबान्या: रोवेनाची, रिमांतासची आणि आल्गिसची.

२८ नोव्हेंबरला वृद्धाश्रमातून फोन आला: गणवेश परत करा, नवीन बाई घेतली आहे. रोवेनाने दोन्ही गणवेश धुऊन इस्त्री केले आणि घड्या घालून पिशवीत भरले. पोहोचवायला मात्र ती गेली नाही. रिमांतास गेला.

"इस्त्रीची काय गरज होती?" गिलियन म्हणाली. "कशी आहे ती?"

"बरी आहे."

"तू तो फॉर्म भरून देणारा ना? आमच्या स्वयंपाकघरातली पोरगी तुझं नाव सांगायची."

"नाही," रिमांतास म्हणाला. "दुसरा कोणीतरी असेल."

शुक्रवार, ५ जानेवारी २०२४ रोजी दुपारी चार वाजेपर्यंत सरकारी पानावर एकच ओळ होती: अर्ज मिळाला आहे, तो विचारात घ्यावा की नाही, हे अजून ठरलेलं नाही.