निळ्या खुणेचा प्रीअॅम्प

एकशे चारावा नमस्कार घालून बुन-ही उठत होती, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. ती थांबली नाही. गुडघे टेकले, कपाळ गादीला लावलं, तळवे उताणे केले, उठली. असे आणखी तीन. मग माळ वाटीत ठेवली, गादीची घडी घातली आणि भिंतीला धरत धरत दाराशी गेली.

बाहेर मेंग उभे होते. जोंगनोच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. तिथे ते व्हॉल्व्हची ध्वनियंत्रं दुरुस्त करत आणि स्वतःच्या हाताने नवीही बांधत. त्यांच्या एका हातात नासपतींची पेटी होती, दुसऱ्यात यंत्र गुंडाळून न्यायचं हिरवट रेशमी फडकं.

"झाले का एकशे आठ, वहिनी?"

"झाले. या, भावोजी."

"एखादा आमच्या नावानेही घालत जा. आमची ही म्हणते, तुमचं पाप दुसऱ्या कुणी नमस्कार घातल्याशिवाय फिटायचं नाही."

इथे हसायचं असतं, हे बुन-हीच्या लक्षात आलं. ते येईपर्यंत वेळ निघून गेली होती. तिने त्यांच्यापुढे घरातल्या सपाता सरकवल्या.

बुन-हीच्या नवऱ्याच्या, ग्यू-हानच्या फोटोपुढे मेंगनी दोन नमस्कार घातले. ते जाऊन छत्तीस दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवशी देवळात शेवटचा विधी, मग त्यांचे कपडे जाळायचे, मग संपलं. तोवर मांसाला शिवायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही, असा तिने नेम धरला होता. बाई खोटं बोलली तर परलोकाच्या वाटेत असलेल्या माणसाची पावलं जड होतात, असं तिची आई सांगायची. नेम पाळणं सोपं जात होतं. बोलावंसंच वाटत नव्हतं. राख घेऊन परतताना मोठी नणंद बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "चाळीस वर्षांचा संसार, आणि डोळ्याला टिपूस नाही हो!" तेव्हाही बुन-ही खिडकीतून बाहेर बघत राहिली होती. ते खरंच होतं.

तिने नासपती धुतल्या. एक चिरायची होती. नऊच्या नऊ धुऊन झाल्यावर ते आठवलं.

"दादांची वही कुठाय?" मेंगनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

ती जिथे होती तिथेच होती, खुर्चीच्या हातावर. खुर्चीसमोर दोन उंच स्पीकर आणि खुर्चीच्या पाठीशी मांडणी. मांडणीवर सारखे दिसणारे दोन प्रीअॅम्प होते. रेकॉर्डवरचा बारीक आवाज मोठ्या यंत्राकडे जाण्याआधी यातून जायचा, आणि काय उरायचं, काय हरवायचं ते इथेच ठरायचं, असं ग्यू-हान म्हणत. दोन्ही मेंगनीच बांधलेले, आतले व्हॉल्व्ह तेवढे वेगळे. ओळखायला एकावर पांढऱ्या कागदाची खूण होती, दुसऱ्यावर निळ्या. आवडेल तो ठेवा, दुसरा मी घेऊन जातो, असं ठरलं होतं.

मेंगनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"'पहिलं, पांढरं. गळ्याला ऊब आहे. बाई शेजारी बसून गातेय. पण तिच्या हातातला पंखा हरवतो. दुसरं, निळं. ऊब तीच, आणि ओळ संपताना तिने पंखा मिटला तो ऐकू आला.'" त्यांनी पान उलटलं. "दुसऱ्या दिवशीही निळं. तिसऱ्या दिवशी तर बघा, 'ढोलक्याने थाप मारण्याआधी श्वास घेतला.' बाराही दिवस निळं. याला म्हणतात कान! आमच्या बाजारातले निम्मे लोक नुसती किंमत ऐकतात. दादांनी यंत्राकडे पाठ करून ऐकलं. ऊब हवी तर बारकावा जातो, बारकावा हवा तर ऊब जाते, यात माझी तीस वर्षं गेली. माणसाने न बघता सांगून टाकलं, हे घ्या, दोन्ही आहे." वही मिटून ते म्हणाले, "तेव्हा निळं इथे राहील. पांढरं मी नेतो. पुढचे सगळे निळ्यासारखेच बांधणार. शौकिनांच्या मंडळातल्या लोकांना सांगूनही टाकलंय."

बुन-हीने बशी खाली ठेवली.

त्या बारा सकाळी तिचे नमस्कार आटोपले की ग्यू-हान हाक मारत. ते खुर्चीत बसत, ती मागे. रेकॉर्डची एक बाजू वाजायची. मग ते म्हणायचे, "बदल." चार वायरी काढून दुसऱ्या यंत्राला लावायच्या, त्यासाठी मांडणीमागे गुडघ्यांवर बसायचं. एकशे आठ वेळा वाकलेले गुडघे एकशे नवव्यांदा वाकायला तयार नसत. पहिल्या दिवशी ती नुसती उभी राहिली, मनात दहा अंक मोजले, एक वायर हलवल्यासारखी केली आणि म्हणाली, "बदललं." नंतर त्यांनी विचारलं, "आता सांग, कुठलं होतं?" ती म्हणाली, "आधी पांढरं, मग निळं." त्यांनी ते लिहून घेतलं. मग रोजच तसं होत गेलं. तेराव्या दिवशी हाक आली नाही.

निळ्या यंत्राला वायर कधी लागलीच नव्हती.

मेंगनी फडकं पसरलं. पांढरी खूण त्यांच्या हाताखाली आली.

"हे नका नेऊ," बुन-ही म्हणाली.

"वहिनी, दादांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय."

"हेच राहू दे."

"का पण?"

 तिला खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोललं तर वहीतली बारा पानं जोंगनोच्या बाजारात हसण्यावारी जातील. म्हातारा बायकोच्या थापेला कान समजला, म्हणतील. न बोललं तर ते जे खरोखर ऐकत होते ते या फडक्यात बांधून जिन्याने खाली जाईल.

"सवय झालीय," ती म्हणाली. हे खोटं होतं की नाही, ते तिला ठरवता येईना.

"ऐकलंय तरी कधी धड? या, बसा दादांच्या जागी. कानाला कळलं की तुम्हीच म्हणाल, हे उचला."

त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. गादीला मधोमध खोलगा होता आणि तो तिच्यापेक्षा मोठा होता. मागे मेंगनी बटणं दाबली, रेकॉर्डवर सुई ठेवली. ढोलावर एक थाप पडली आणि बाई गायला लागली, उभ्याने गोष्ट सांगत गायची असते तसं. बुन-हीला ते लांबून आल्यासारखं वाटलं, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसं. बाजू संपली.

"हे झालं पांढरं," मागून मेंग म्हणाले. मग खुडबुड ऐकू आली. थोड्या वेळाने पुन्हा तीच थाप.

या वेळी तिने डोळे मिटून घेतले. बाई तीच ओळ म्हणत होती. ओळीच्या शेवटी आवाज खाली उतरला, संपला, आणि त्याच्याही मागे, अगदी जवळ, कागद आणि बांबूच्या काड्या एकमेकांवर येऊन मिटल्या. टप्.

बुन-हीचा हात खुर्चीच्या हातावरून घसरला.

"पंखा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"पंखा मिटला. आधी नव्हता. आत्ता ऐकू आला."

 मग मेंग पुढे आले. त्यांच्या बोटांत वायर लोंबत होती.

"वहिनी, मी अजून बदललं नाही. निळ्याचे व्हॉल्व्ह तापले नव्हते. थंड असताना लावलं तर त्याच्यावर अन्याय होतो. तोवर म्हटलं वाजू दे आहे तेच."

बाई गात राहिली. पंखा पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. बुन-हीने तेही ऐकलं.

"भावोजी, मीही नव्हतं बदललं," ती म्हणाली. "बारा दिवस. एकदाही नाही."

मेंग खाली बसले. वही उचलली, पहिलं पान काढलं, ओठ हलवत वाचलं, मग दुसरं, तिसरं. बाजू संपून सुई आतल्या रेघेत घासत राहिली, तरी ते उठले नाहीत. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसणार असतील तर आत्ता हसतील, असं तिला वाटलं.

"यातलं खोटं काय आहे?" शेवटी त्यांनी विचारलं. "पंखा तर आहे."

त्यांनी वही फोटोपुढे ठेवली आणि आता निळं यंत्र न्यायला फडकं उचललं.

"थांबा," बुन-ही म्हणाली. "तापलंय ना आता?"

ती मांडणीमागे गेली. आधी एक हात टेकला, मग एक गुडघा, मग दुसरा. एकेक करत चारही वायरी काढल्या आणि निळ्याला लावल्या. एक बसेना, ती फुंकर मारून पुन्हा लावली.

"बसा त्यांच्या खुर्चीत. पाठ इकडे करा."

"आणि तुम्ही?"

"मला लगेच उठता यायचं नाही," ती म्हणाली. "मी इथूनच ऐकते."