न बसलेला चटका

मी चप्पल बोलतेय. त्यातही डावी. चपलांनी तोंड उघडायचं नसतं हे मला ठाऊक आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' असं तुम्ही म्हणता आणि ते आम्हाला हिणवण्यासाठी म्हणता. पण खरं सांगू का, मला ते अगदी पटतं. मी पायातच असायला हवी होते. मी खोक्यात पडून राहिले आणि त्यातून जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात झाला. तिथे रामदास नावाचे गृहस्थ साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, रोग्यांसाठी चपला बनवतात. डॉक्टर पेशंटला चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे पाठवतात. रामदासांनी एका बाईंचे पाय पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्या मापाने मला कापलं. तळाला मऊ रबर, टाचेमागे पट्टा, वर दोन रुंद पट्टे. अंगठा घालायची नक्षीदार कडी मला नाही, कारण ती बोटाला घासते. रंग काळा. उजवी माझ्यासारखीच, पण स्वभावाने मुकी. आम्ही दिसायला बेताच्याच होतो, पण रामदासांनी आत बोटं फिरवून कुठे टोक लागत नाही ना, हे इतक्या मायेने पाहिलं की रूपाचं दुःख मला कधी झालं नाही.

ज्या बाईंच्या पायांसाठी हे सगळं चाललं होतं, त्या प्रयागबाई. साठीला टेकलेल्या, ऊस आणि कांदा यांत जन्म गेलेला, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारख्या. त्यांच्याबरोबर त्यांची सून अश्विनी आली होती. परत जाताना एसटीत आम्ही अश्विनीच्या मांडीवर खोक्यात होतो, म्हणून त्या दोघींचं बोलणं मला ऐकू आलं.

"ह्या घालून मी गावातनं गेले तर लोक इचारत्याल, पायाला काय झालं म्हनून," प्रयागबाई म्हणाल्या.

"विचारू द्या की, आत्या."

"तुला ठावं न्हाई. माझ्या आईला हीच साखर व्हती. तिचा पाय कापला. मग जो तो यायचा, चार केळी ठिवायचा आन् पायाकडं बघत बसायचा. तिच्या तोंडाकडं कुनी बघतच न्हवतं. पाय गेला त्यापरीस त्यानंच ती खचली." मग त्यांचा आवाज खाली आला. "माझं तसं नगं व्हायला. तू कुनाला बोलू नगं. सूरजला बी न्हाई."

सूरज म्हणजे त्यांचा मुलगा, अश्विनीचा नवरा. अश्विनीने मान हलवली असावी, कारण पुढे कोणी काही बोललं नाही. घरी आल्यावर आमचं खोकं झाकण न लावताच खाटेखाली सरकवलं गेलं आणि प्रयागबाईंनी आपली जुनी, झिजून पापड झालेली स्लीपर पायात घातली.

खाटेखालून घर सगळं ऐकू येतं. साखर लपवणं सोपं नसतं, राव! आमच्या भागात पाहुण्याला चहा द्यायचा म्हणजे पाकच द्यायचा, आणि ऊसवाल्याच्या घरी 'साखर नको' म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. प्रयागबाई शेजारी जाऊन आल्या की अश्विनी विचारायची, "आत्या, चहा घेतला?" त्या म्हणायच्या, "घोटभर." घोटभर म्हणजे कपभर, हे दोघींनाही माहीत असायचं. गुळाचं त्यांचं गणित तर निराळंच होतं. "गूळ घरचा हाये, त्यानं काय बी व्हत न्हाई," असं त्या खडा तोंडात टाकत म्हणायच्या. डॉक्टरांनी गुळालाही नाही म्हटलंय, असं अश्विनी सांगायची. तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. भीती वाटली की माणसं रागावतात, हे मी त्या घरात शिकले.

कारण प्रयागबाई मनातून फार भ्यायल्या होत्या. खाटेवर पडल्या की त्या हळूच पायावर पाय चोळायच्या. ते मला खालून ऐकू यायचं.

चैत्रात त्यांनी नवस बोलला. ओझरच्या विघ्नहराला पाच संकष्ट्या अनवाणी चालत येईन, माझी साखर घालव. अश्विनी माहेरी गेली होती, नाहीतर तिने आडवं पडून वाट अडवली असती. पहिल्या संकष्टीला भर दुपारी गावातल्या चार बायका निघाल्या. त्यांत लंकाबाई होत्या. लंकाबाई म्हणजे शेजारच्या घरच्या, प्रयागबाईंच्या तरुणपणापासूनच्या मैत्रीण. आम्ही दोघी खोक्यातच राहिलो. मला ओरडावंसं वाटत होतं, पण रबराला आवाज कुठला?

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई ओसरीवर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या. "काय सांगू बाय तुमाला! डांबर असं तापल्यालं, आमी सगळ्या उड्या मारतोय, कडंच्या गवतावर पळतोय. आन् ही आमची प्रयागा! मधूनच चालली, संथ. चटका म्हनून बसला न्हाई हिला. भक्ती असावी तर अशी."

"देवाचीच किरपा," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हलका, इतका आनंदी मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की देवाने हात दिला. साखर जाणार, पाय राहणार, आईसारखं काही होणार नाही. त्या सकाळी त्यांनी गाणं गुणगुणत भाकरी थापल्या.

अश्विनी त्याच दुपारी परतली. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे दिसले. तिला वाटलं, आत्या न्हाणीतून आल्या असतील. मग तिच्या लक्षात आलं, की ठसे एकाच पायाचे आहेत आणि ते चिकट आहेत.

"आत्या, बसा. पाय दाखवा."

"काय झालंय पायाला? बराय की."

अश्विनीने त्यांना खाटेवर बसवलं आणि डावा पाय मांडीवर घेतला. तळव्याला मोठा फोड येऊन फुटला होता. कातडी सुटून लोंबत होती आणि आतून लालभडक मांस दिसत होतं. 

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मी बोट लावलंय, आत्या."

"लावलंय?"

 चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कोणी उठलं नाही. प्रयागबाई हळूहळू बोलल्या, "म्हंजी देवानं न्हाई... चटका बसला व्हता. मलाच कळला न्हाई." आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने नाही. लहान मूल हरवल्यावर जसं आधी तोंड दाबून रडतं, तसं. "माझाच पाय, अश्विनी, आन् मला कळला न्हाई गं."

अश्विनीने पाय सोडला नाही. ती त्यावर पाणी ओतत राहिली आणि स्वतःही रडत राहिली. मी खाटेखाली त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. आयुष्यात इतकी निरुपयोगी मी कधी नव्हते.

सूरजला त्या दिवशी सगळं कळलं. त्याने आईला गाडीवर घालून जुन्नरला नेलं. जखम खोल नव्हती, पाय वाचण्यासारखा होता, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नसा बधिर झाल्यात, गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, इथून पुढे साखर आटोक्यात ठेवायची आणि पाय डोळ्यांनी जपायचा. मग मलमपट्ट्या सुरू झाल्या. जखम हळूहळू भरत होती. प्रयागबाई मात्र खचत चालल्या होत्या.

त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. गोळी हातात दिली तर उशाखाली ठेवायच्या. "आईसारखंच व्हनार. लिवल्यालं चुकत न्हाई," एवढंच बोलायच्या. अश्विनीने समजावलं, सूरजने चिडून पाहिलं, पण त्यांच्या कानावरून वारा गेला. खरं तर त्यांना माहिती कमी नव्हती. काय खावं, काय टाळावं, सगळं पाठ होतं. जगायची हौस कुठून आणायची, हे मात्र कोणी त्यांना सांगत नव्हतं.

एक दिवस लंकाबाई आल्या. इतके दिवस त्या लाजेने आल्या नव्हत्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मीच गावभर वाजवलं तुझी भक्ती म्हनून. माझी जीभ झडावी."

प्रयागबाई भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या, "बस. तुझा काय दोष?"

लंकाबाई खाटेच्या कडेला टेकल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मला बी हाये."

"काय हाये?"

"साखर. लई वर्सं झाली. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. माझ्या सुनेला बी ठावं न्हाई."

खाट करकरली. प्रयागबाई उठून बसल्या होत्या, आठवड्यात पहिल्यांदाच. "दोन घरांत भिंत एक आपली, आन् तू मला बोलली न्हाईस? रोज माझ्याकडं येऊन गोड चहा ढोसत व्हतीस?"

"तू करून देत व्हतीस! नगं कसं म्हनू? आन् तू तरी कुठं बोललीस? माझ्याकडं बशीत वतून पीत व्हतीसच की!"

 मग प्रयागबाईंना हसू फुटलं. लंकाबाईही हसल्या. दोघी एकमेकींना साखर पाजत होत्या, मैत्रीखातर! हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लंकाबाईंनी प्रयागबाईंचा पट्टी बांधलेला पाय आपल्या मांडीवर घेतला.

"मला अजून चटका कळतोय गं," त्या म्हणाल्या. "पन किती दिस कळंल? डॉक्टर म्हनतो चाला. एकटीनं चालायची मला लाज वाटती. लोक म्हनत्याल, म्हातारीला काय शहरचं वारं लागलं. तू बरी हो. आपुन दोघी चालू."

प्रयागबाईंनी यावर काही वचन दिलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी उशाखालच्या गोळ्या अश्विनीच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "ह्या राह्यल्यात. आजची तेवढी दे." अश्विनी आत जाऊन डोळे पुसून आली.

जखम पुरती भरली, तेव्हा अश्विनीने आमचं खोकं बाहेर ओढलं. माझ्यावर धूळ बसली होती. प्रयागबाईंनी मला हातात घेतलं, आत बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "मऊ हाये की गं." मला जर हृदय असतं तर ते त्या वेळी रबर फाडून बाहेर आलं असतं.

पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. पारावर माणसं बसलेली. कोणीतरी विचारलंच, "मावशी, पायाला काय वो?"  त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "साखर हाये मला. पाय जपायला घातल्यात." कोणी हसलं नाही, कोणी केळी आणून दिली नाहीत. एक म्हातारे फक्त म्हणाले, "बरं केलं. मला बी हाये, पन मी घालत न्हाई."

तिथून पुढे आम्ही रोज कालव्याच्या कडेने चालू लागलो, लंकाबाई सोबत. सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. पाहुण्यांच्या लग्नात प्रयागबाईंनी जिलेबी खाल्ली आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसल्या. कधी नीट वागूनही तपासणीत साखर वाढलेली निघायची. मग त्या म्हणायच्या, "उपेग काय मग?" लंकाबाई दारातून हाक मारायच्या, "उपेग नंतर इचारू, आधी चप्पल घाल." आणि त्या घालायच्या. बिनसाखरेचा चहा आता त्या हक्काने मागतात. रोज संध्याकाळी अश्विनी पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाहते. दोघींचं खरं बोलणं त्याच वेळी होतं.

नवसाचं मात्र त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून त्या ओझरला गेल्या. या वेळी मी पायात होते. पायरीशी मला काढताना त्या देवळाकडे पाहून म्हणाल्या, "देवा, राह्यलेल्या संकष्ट्या चपला घालून करीन. तुझ्यापाशी यायला पाय तर ठिव." देवाने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण परतताना त्यांची पावलं हलकी पडत होती.

मी झिजले. तळ सपाट झाला, टाचेचा पट्टा सुटला. रामदासांनी नवी जोडी करून दिली. प्रयागबाईंना आम्हाला टाकवेना, तेव्हा सूरजने दृष्ट लागू नये म्हणून आम्हाला उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे बांधलं. उजवी पुढच्या ट्रॉलीला, मी मागच्या. आता हंगाम चालू आहे आणि आम्ही लोंबकळत पारगावच्या साखर कारखान्याला जातो.

कालच्या संध्याकाळची गोष्ट. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन सूरज कालव्याच्या रस्त्याने परत येत होता. कडेने पाच-सहा बायका चालल्या होत्या. बऱ्याच जणींच्या पायांत काळ्या, रुंद पट्ट्यांच्या चपला. सगळ्यांत पुढे प्रयागबाई आणि लंकाबाई, काहीतरी भांडत. सूरजने ट्रॅक्टर थांबवला.

"आये, बस. घरी सोडतो. अंधारून आलंय."

प्रयागबाईंनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा खाली आपल्या पायांकडे.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "माझे पाय हायेत."

वाचणाऱ्या, तुझ्या घरात कोणी साखर लपवून बसलं असेल, तर त्याला उपदेश करू नकोस. त्याचा पाय मांडीवर घे, तळवा उजेडात धर आणि नीट बघ. एवढंच माझं मागणं. चल, सूरजने गियर टाकला. येते मी.