लाल चाक आणि माझी धडधड

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाणी उपसणारा नव्हे, हवा उपसणारा. माझ्या अंगावर 'भंगार' अशी चिठ्ठी डकवून मला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभं केलं आहे. उद्या टेम्पो येईल. त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझा जीव टांगणीला लागला आहे, आणि तो स्वतःसाठी नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी निळाशार, चकचकीत होतो. मॅडमनी मला एका पोलादी पेटीला जोडलं. मॅडम भौतिकशास्त्रज्ञ. पेटीत हवा राहू द्यायची नाही, एवढंच माझं काम. आत त्यांनी चार वर्षं खपून नखाएवढा स्फटिक वाढवला होता. त्याला हवा लागली की सगळं संपलं. पाहुणे माझ्या धडधडीने कानांवर हात ठेवत. मॅडम मात्र रोज सकाळी माझ्या पाठीवर तळहात टेकवून विचारत, "काय म्हातारबा, बरं आहे ना?" थरथर जरा वेगळी लागली की लगेच तेल बघत.

परदेशच्या परिषदेहून आल्या की माझ्याशीच बोलत. "एवढं मोठं विमान हवेच्या जिवावर तरंगतं, आणि मी जन्मभर एका पेटीतली हवा काढतेय. हसू येतं बघ."

मग पेटीतला दाब मोबाइलवर दिसू लागला आणि माझ्या पाठीवरचा हात गेला. आकडा बरोबर आहे ना, मग झालं! पण तो आकडा पेटीचा होता. माझ्या पोटातल्या तेलाचा आकडा कुठेच नव्हता.

त्या शनिवारी मॅडम विमानात होत्या. आठवडाभर थेंबथेंब गळून माझं तेल दुपारी संपलं. मी अक्षरशः किंचाळू लागलो. बंद पडलो असतो तर हवा माझ्यातूनच उलटी पेटीत शिरली असती. मी जिवाच्या आकांताने फिरत राहिलो. सुट्टीचा दिवस, ऐकणार कोण?

झाडणाऱ्या मावशी आल्या. नऊ वर्षं त्या माझ्याभोवती झाडत होत्या. दारातच थबकल्या. "अगं बाई, याचा आवाज असा का येतोय?"

त्यांनी मॅडमना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. समोर पाटी होती: परवानगीशिवाय हात लावू नये. मागे एकदा पुसताना वायर निघाली म्हणून प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी त्यांना कामावरून काढायची धमकी दिली होती. त्या पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. मी जळत होतो, मित्रांनो, आणि माझ्याजवळ एक शब्द नव्हता.

तेल बदलताना मॅडम नेहमी पुटपुटत, ते मावशींना आठवलं असावं. "आधी लाल चाक, मग बटण," त्या म्हणाल्या. "जाऊ दे नोकरी!" दोन्ही हातांनी त्यांनी माझ्या आणि पेटीच्या मधली वाट बंद करणारं लाल चाक घट्ट फिरवलं. बटणापर्यंत हात पोचायच्या आतच मी अडकलो, तो कायमचा.

स्फटिक वाचला. परत आल्यावर मॅडम माझ्या गार पाठीवर हात ठेवून रडल्या. "मावशी, तुम्हाला कसं कळलं हो?"

"रोजचा आवाज आहे मॅडम. न कळायला काय झालं?"

आता माझ्या जागी नवा पंप आला आहे. गुणी आहे, पण त्याला आवाजच नाही. मावशी झाडता झाडता थांबतात, कान देतात आणि मान हलवतात. काल मॅडम त्यांना मोबाइल दाखवून म्हणाल्या, "आता काळजी नको. यात तेलाचाही आकडा दिसतो." गुरुवारी मॅडम पुन्हा विमानाने निघतील. पण पुढच्या वेळी जे बिघडेल, त्याचा आकडा दाखवायची सोय अजून कुणी केलेली नाही.

मित्रांनो, कधी त्या खोलीत गेलात तर आकडा जरूर बघा. पण नव्याच्या पाठीवर हातही ठेवा. त्या बिचाऱ्याला ओरडता येत नाही.